नाक वाहण्यापासून धाप लागण्यापर्यंत
(सर्दीने बळावणाऱ्या बालदम्यावरील पालक-पुस्तिकेची प्रस्तावना)

मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होतेच. बालवाडीत जाणाऱ्यांना त्याहूनही जास्त. बहुतेक घरांत तिची कुणी फारशी दखल घेत नाही, आणि घ्यायचं कारणही नसतं. नाक वाहतं, दोन रात्री किरकिर होते, आठवडाभरात पोर पुन्हा हुंदडायला लागतं. पण काही घरांत मूल नुसतं शिंकलं तरी आईच्या पोटात गोळा येतो. आज नाक वाहतंय, उद्या खोकला लागणार, परवा रात्री छातीतून शिट्टी वाजणार आणि मध्यरात्री रिक्षा शोधत दवाखाना गाठावा लागणार, हा क्रम त्या घराला पाठ झालेला असतो.

हा पाठ झालेला क्रम जितका धास्तीचा, तितकाच उपयोगाचाही आहे. दुखणं कुठल्या वाटेने येतं हे ठाऊक असलं, की त्याला वाटेतच गाठता येतं. सर्दी सुरू झाल्यापासून छाती भरून येईपर्यंत बहुधा एक ते तीन दिवस मिळतात. आपल्याकडे हे दिवस ‘बघू, उतरेल’ म्हणण्यात जातात, नाहीतर मागच्या वेळी उरलेल्या बाटलीतलं औषध पाजण्यात. दोन आजारपणांच्या मधले महिने तर औषधाविनाच सरतात, कारण तेव्हा मूल धडधाकट दिसत असतं. या पुस्तिकेचं सांगणं थोडक्यात असं आहे: बालदम्याचे उपचार धाप लागलेल्या रात्री सुरू करायचे नसतात. ते त्याआधीच्या निरोगी महिन्यांत करायचे असतात आणि सर्दीच्या पहिल्या दोन दिवसांत नेटाने वाढवायचे असतात.

बालरोगतज्ज्ञ म्हणून तालुक्याच्या गावी काम करताना अशी पुस्तिका हाताशी असावी असं मला फार वाटत आलं आहे. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत पालकांना सगळं सांगून होत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात तेव्हा सांगितलेलं राहतही नाही. ते निवांतपणी वाचायला मिळावं, पुन्हा उघडून पाहता यावं, आजी-आजोबांनाही वाचून दाखवता यावं. म्हणून प्रस्तावना लिहिण्याची विनंती मी आनंदाने मान्य केली. पुस्तिकेत काय आहे हे सांगतानाच त्यामागचं शास्त्रही थोडं उलगडून सांगावं, असा माझा प्रयत्न आहे.

सर्दीने दमा बळावतो हे अनुभवाने सगळ्यांनाच माहीत होतं. मात्र त्याची नेमकी मोजदाद व्हायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. सर्दीच्या विषाणूंपैकी सर्वांत मोठं कूळ ऱ्हायनोव्हायरसचं. त्याचे १६०हून अधिक प्रकार आहेत आणि प्रयोगशाळेत तो वाढवणं अवघड असतं. पीसीआर तंत्र आल्यावर तो ओळखता येऊ लागला. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन परिसरात ९ ते ११ वर्षांच्या १०८ मुलांवर संशोधकांनी १३ महिने लक्ष ठेवलं. मुलं नळीत फुंकून श्वासाचा जोर मोजत, लक्षणांची डायरी ठेवली जाई, आणि त्रास सुरू झाला की नाकातला नमुना तपासला जाई. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्वास अडल्याच्या दर दहा प्रसंगांपैकी जवळजवळ आठांत विषाणू सापडला होता, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचा होता.

याचा दुसरा पुरावा शाळेच्या वेळापत्रकात सापडतो. कॅनडात उन्हाळी सुटी संपून सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडतात. त्यानंतर साधारण अडीच आठवड्यांनी दम्यामुळे रुग्णालयात येणाऱ्या मुलांची संख्या वर्षातला उच्चांक गाठते, आणि हे दरवर्षी घडतं. आधी शाळकरी मुलं येतात, मागोमाग त्यांची धाकटी भावंडं, मग मोठी माणसं. सुटीत पांगलेली मुलं एका वर्गात येतात, आपापले विषाणू वाटून घेतात आणि घरी नेतात. सुटीत अनेकांनी रोजचं औषधही सोडलेलं असतं. २०२० साली याची उलट बाजू दिसली. टाळेबंदीत शाळा बंद होत्या, मुलं घरात होती, सर्दीचे विषाणू फिरेनासे झाले आणि अनेक देशांत मुलांना येणारे दम्याचे ॲटॅक एकदम कमी झाले.

आपल्याकडे हा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. महिन्याच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनअखेरीस. त्याच सुमारास पाऊस येतो, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल आणि बुरशी धरते. पश्चिम भारतात फ्लूचा मोठा जोरही पावसाळ्यातच असतो. दुसरा पट्टा दिवाळीपासून पुढचा: पहाटेचा गारवा, फटाक्यांचा धूर आणि सुटीतला प्रवास. म्हणून पुस्तिकेतलं वर्षाचं कॅलेंडर मे महिन्यापासून मांडलं आहे, आणि मला तो तिचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कोकणात पाऊस लागण्याआधी घर शाकारून घेतात. धो धो पाऊस सुरू झाल्यावर कुणी कौलांवर चढत नाही. रोजच्या प्रतिबंधक औषधाचं तसंच आहे. शाळा उघडायच्या आधी तीन-चार आठवडे ते नियमित सुरू असलं, तर पहिल्या सर्दीला श्वासनलिका तयार असतात. फ्लूची लसही पावसाळ्याआधीच, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात घ्यावी. दम्याच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी.

एकाच वर्गातल्या चाळीस मुलांना एकच सर्दी होते, मग धाप दोघा-तिघांनाच का लागते? पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात याचं सोप्या भाषेत उत्तर आहे. दम्याच्या मुलाच्या श्वासनलिकांना आतून सूज असते आणि मूल बरं दिसतं तेव्हाही ती थोडीबहुत टिकून असते. धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळं, बुरशी यांची ॲलर्जी ती सूज जिवंत ठेवते. त्यात सर्दीचा विषाणू खाली उतरला की तीन गोष्टी एकदम घडतात. आतलं अस्तर आणखी सुजतं, चिकट कफ साचतो आणि नलिकेभोवतीचे स्नायू आवळले जातात. लहान मुलाची नळी मुळातच अरुंद. तिचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणून मोठ्या माणसाला नुसता खोकला देणारी सर्दी तीन वर्षांच्या मुलाची दमछाक करते. काही मुलांत विषाणूला सुरुवातीलाच रोखणारी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं कमी किंवा उशिरा तयार होतात. ऱ्हायनोव्हायरसचा ‘सी’ हा त्रासदायक प्रकार पेशीत शिरताना ज्या प्रथिनाला धरतो, ते सीडीएचआर३ असल्याचं २०१५ साली उमगलं. त्या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल बालपणीच्या तीव्र दम्याशी जोडलेला आहे.

यातून उपचाराची दिशाही कळते. सर्दीच्या विषाणूवर आज औषध नाही. पण ॲलर्जीची सूज शांत ठेवली, तर तीच सर्दी छातीपर्यंत इतकी भिडत नाही. अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांमधल्या मुलांवरची एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ॲलर्जीच्या आयजीई प्रतिपिंडांना रोखणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन देण्यात आलं होतं. ते विषाणूला मारत नाही. तरीही ज्यांना ते मिळालं त्या मुलांत ठरावीक ऋतूत येणारी ॲटॅकची लाट जवळजवळ ओसरली. हे इंजेक्शन महाग आहे आणि मोजक्या मुलांनाच लागतं. पण सूज दाबून ठेवण्याचं काम बहुसंख्य मुलांत श्वासातून दिलेलं स्टिरॉइड कमी खर्चात करतं, आणि ते तालुक्याच्या गावीही मिळतं.

इथे पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: ‘म्हणजे आमच्या मुलाला दमाच आहे का?’ पाच वर्षांखालच्या मुलाबद्दल याचं उत्तर घाईने देऊ नये. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात हजाराहून अधिक बालकांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. १९९५ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांच्या आत ज्यांच्या छातीत घरघर झाली होती, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची ती सहा वर्षांपर्यंत थांबली होती. फक्त सर्दीतच घरघर होणारं, मधल्या काळात पूर्ण ठीक असणारं, ॲलर्जीचा त्रास नसलेलं मूल बरेचदा यातून बाहेर पडतं. सर्दी नसतानाही धावल्यावर, हसल्यावर किंवा पहाटे खोकणारं, अंगावर एक्झिमा असलेलं, आई किंवा वडिलांना दमा असलेलं मूल दम्याकडे झुकतं. दोन्ही गटांना धाप लागलेल्या रात्रीचे उपचार लागतात. रोजचं औषध मुख्यतः दुसऱ्या गटाला. हा फरक डॉक्टरांनी समजावून सांगायला हवा आणि पालकांनी विचारायला हवा. पाचव्या-सहाव्या वर्षापासून मूल नीट फुंकू लागलं की श्वासाची चाचणी करून निदान पक्कं करता येतं.

आणि निदान झालं, की ते लपवू नये. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर होणाऱ्या दर दहा जणांपैकी आठांना दम्याचं निदान मिळालेलंच नव्हतं. मुलीला दमा आहे हे कळलं तर पुढे लग्नात अडचण येईल, या भीतीने ‘ॲलर्जी’, ‘कफाची प्रकृती’ म्हणत वर्षं निघून जातात. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४०हून अधिक टक्के. सुजेवरचं औषध नियमित घेणारे रुग्ण आपल्याकडे फार थोडे आहेत, हे या तफावतीचं एक ठळक कारण आहे.

त्या औषधाच्या वाटेत सर्वांत मोठी धोंड आहे ती पंपाची भीती. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ ही वाक्यं सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला, हे त्या घरांना आवर्जून सांगावंसं वाटतं. १९५५ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, की माझं औषध फवाऱ्याच्या डबीत का मिळत नाही? १९५६ साली पहिला मोजून मात्रा देणारा पंप बाजारात आला.

पंपाची मात्रा पाहिली की भीती निघून जावी. आवळलेल्या श्वासनलिका सैल करणाऱ्या सालब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या पाच मिलीलिटर सिरपमध्ये साधारणपणे २ मिलिग्रॅम, म्हणजे २० पफांएवढं. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात जातं. हात थरथरतात, काळीज धडधडतं, मूल झोपत नाही, आणि छातीला आराम उशिरा पडतो. श्वासातल्या स्टिरॉइडने मुलाची उंची खुंटते का, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि पुस्तिका तो टाळत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अनेक वर्षं ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड श्वासातून घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही किंमत अगदी शून्य नाही, पण वारंवारचे ॲटॅक, बुडालेली शाळा आणि तोंडावाटे पुन्हा पुन्हा घ्यावं लागणारं स्टिरॉइड यांच्यापुढे ती फार लहान आहे.

पंपाइतकाच महत्त्वाचा आहे स्पेसर, म्हणजे पंप आणि मुलाचं तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ नळी. स्पेसरशिवाय मारलेला पफ मुलाच्या जिभेवर आणि घशातच बसतो. पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवायचा, एकच पफ द्यायचा, मुलाला पाच-सहा वेळा श्वास घेऊ द्यायचा, अर्धा-एक मिनिट थांबून दुसरा पफ द्यायचा. मूल चार-पाच वर्षांचं झालं की मास्क काढून तोंडात नळी. स्पेसर धुताना साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा; पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या बाजूला चिकटतं. स्पेसर परवडत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला थंडपेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीला बुडाशी पंपाच्या मापाचं भोक पाडून तो घट्ट बसवला गेला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ॲटॅक आलेल्या मुलांना ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. पुस्तिकेत तिची कृती चित्रांसह दिली आहे. प्रत्येक आशाताईने ती एकदा करून पाहावी अशी माझी विनंती आहे.

आता सर्दीच्या पहिल्या दोन दिवसांबद्दल. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. रोजचं प्रतिबंधक औषध चालू असेल तर ते सर्दीत अजिबात बंद करायचं नाही. ते मनाने पाचपट करूनही भागत नाही. ५ ते ११ वर्षांच्या २५४ मुलांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्रासाच्या सुरुवातीला मात्रा पाचपट करून गंभीर ॲटॅक कमी झाले नाहीत. काही लहानग्यांना, ज्यांना एरवी औषध लागत नाही, सर्दी सुरू होताच थोडे दिवस श्वासातलं स्टिरॉइड द्यायचं डॉक्टर ठरवतात. पण तो निर्णय आधी, मूल बरं असताना, लेखी व्हायला हवा. खोकला वाढला, शिट्टी वाजू लागली की सालब्युटामॉलचे दोन पफ स्पेसरमधून. आराम नसेल तर वीस-वीस मिनिटांनी आणखी दोनदा. एवढ्याने भागलं नाही, आराम पडून तासा-दोन तासांत पुन्हा त्रास झाला, दोन तासांत सहाहून जास्त पफ लागले किंवा चोवीस तासांत मूल सावरलं नाही, तर डॉक्टर गाठायचे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर घरी वाट पाहूच नये.

काय करू नये याचंही एक प्रकरण आहे, आणि ते माझ्या मते प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी वाचावं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. खोकल्याचं सिरप दमा उतरवत नाही. २०२५ साली मध्यप्रदेशात छिंदवाड्याच्या परिसरात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने लहान मुलांचे जीव घेतले. त्यांतली अनेक मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. तोंडावाटे स्टिरॉइडही घरात उरलं आहे म्हणून देऊ नये. २००९ सालच्या एका ब्रिटिश चाचणीत सर्दीने घरघर होणाऱ्या, फार गंभीर नसलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांना प्रेडनिसोलोन या तोंडावाटे द्यायच्या स्टिरॉइडचा फायदा झाला नाही. ते कुणाला लागेल, हे तपासूनच ठरतं.

आपल्या घरांतल्या काही रीती मायेपोटी पाळल्या जातात, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना आवाज मऊ हवा, पण म्हणणं स्पष्ट हवं. न्हाऊ घातलेल्या बाळाला शेगडीवर ओवा घालून दिलेली धुरी म्हणजे सुजलेल्या श्वासनलिकेत गेलेला धूर. टाळूवर आणि छातीवर भुरभुरलेली वेखंड पूड श्वासातून आत जाते. डासांची कॉइल, बंद खोलीतली अगरबत्ती आणि घरात कुणी ओढलेली विडी, यांचं तेच. उकळत्या पाण्याची वाफ दम्याला उतार देत नाही. पातेलं कलंडून भाजलेली मुलं मात्र रुग्णालयात येत राहतात. केळं, दही, पेरू, सीताफळ ‘थंड’ म्हणून मुलाच्या ताटातून कायमचं काढून टाकल्याने सर्दीही थांबत नाही आणि दमाही. ज्या मुलाला एखादा पदार्थ खाताच दर वेळी त्रास होतो, त्याच्यापुरतं पथ्य खरं. बाकीच्यांना पोटभर जेवू द्यावं.

मृगाला हैदराबादेत जिवंत माशातून दिलं जाणारं औषध घ्यायला आपल्याकडूनही कुटुंबं जातात. कोजागरीला खिरीतून दम्याचं औषध वाटलं जातं. मुलासाठी आई-वडील किती लांब जायला तयार असतात, हे त्या रांगांत दिसतं, आणि त्या धडपडीचा मला मनापासून आदर वाटतो. पण या दोन्ही तिथी सर्दीच्या हंगामाच्या तोंडाशी येतात. सर्दीने चढलेला दमा आठवडाभरात बहुधा आपोआप उतरतो, आणि श्रेय त्या औषधाला मिळतं. खरा धोका त्यानंतरचा: ‘आता पंप बंद’ असं ठरतं आणि पुढच्या सर्दीला मूल उघडं पडतं. श्रद्धा असेल तर ती असू द्यावी. पंप मात्र थांबवू नये.

धोक्याच्या खुणांची यादी पुस्तिकेच्या मधल्या पानावर आहे. ते पान कापून भिंतीवर लावण्यासाठीच छापलं आहे. मुलाचा सदरा वर करून बघावं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जातेय का? पोट उडतंय का? एका दमात वाक्य पुरं होत नाही का? तान्ह्याला दूध ओढता येत नाही का? ओठ निळसर आहेत का? मूल सुस्त झालंय का? यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघावं, १०८ ला फोन करावा, आणि वाटेत पफ देत राहावं. शिट्टी थांबली पण मूल मलूल झालं, तर तो आराम नसतो; हवा आत-बाहेर होणंच मंदावलेलं असतं. करोनानंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आला आहे. आकडा ९२ च्या खाली गेला तर थेट रुग्णालय. पण आकडा चांगला आहे म्हणून ओढल्या जाणाऱ्या बरगड्यांकडे दुर्लक्ष करू नये. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा जास्त, वर्षाखालच्या बाळाचा पन्नास किंवा जास्त असेल आणि ताप असेल, तर न्यूमोनियाही असू शकतो. आणि सर्दी-ताप काही नसताना, शेंगदाणे किंवा फुटाणे खाताना एकाएकी ठसका लागून श्वास अडला, तर तो दमा समजू नये. दाणा श्वासनलिकेत अडकला असण्याची शक्यता असते.

शिक्षकांसाठी वेगळं प्रकरण आहे याचा मला विशेष आनंद वाटतो. दिवसाचे पाच-सहा तास मूल त्यांच्याजवळ असतं. पंप कपाटात कुलूपबंद न ठेवता वर्गात हाताशी ठेवणं, पी.टी.च्या तासाला मुलाला कायमचं बाजूला न बसवता डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळू देणं, सर्दी झालेल्या मुलांना रुमाल आणि हात धुण्याची सवय लावणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. दम्याचं औषध नीट चालू असलेलं मूल धावू शकतं, पोहू शकतं, कबड्डीत चढाई करू शकतं. त्याला ‘नाजूक’ ठरवणं हेही एक नुकसानच आहे.

पुस्तिका लिहिणाऱ्या डॉक्टर-पालकांच्या गटाने एक अवघड गोष्ट साधली आहे. त्यांनी भीती घालून उपचार करायला भाग पाडलेलं नाही, आणि धीर देण्याच्या नादात धोका लहान करूनही सांगितलेला नाही. डॉक्टरांची जागा घेण्याचा त्यांचा दावा नाही. डॉक्टरांसमोर बसताना कोणते प्रश्न विचारायचे आणि तिथून निघताना काय लिहून घ्यायचं, हे मात्र ही पानं वाचलेल्या आईबापांना नेमकं कळेल.

शेवटचं पान कोरं आहे. रोजचं औषध कोणतं, किती; सर्दी होताच काय वाढवायचं; किती पफांनंतर निघायचं; रात्री कुठे जायचं; फोन कुणाला करायचा. एवढ्याच ओळी. मे महिन्यात मूल बरं असताना त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, स्पेसरमधून पफ कसा देता ते त्यांच्यासमोर करून दाखवा आणि ते पान त्यांच्याकडून भरून घ्या. एक प्रत घरी ठेवा, एक शाळेत द्या, एक आजोळी पाठवा. जूनमध्ये मुलाला सर्दी होईलच. ती झाल्यावर काय करायचं, याचा शोध त्या रात्री घ्यावा लागू नये.